शूटर गेममध्ये कधी उभं राहायचं, कधी बसायचं, कधी झोपायचं

नवा खेळाडू मेला की पहिली तक्रार माउसची असते. मग सेन्सिटिव्हिटी बदलून बघतात, मग हेडफोन, मग मित्राचा फोन मागून आणतात. पुण्यात कॉलेजांच्या आसपास जे गेमिंग कॅफे आहेत, त्यात संध्याकाळी कुणाच्याही खुर्चीमागे थोडा वेळ उभं राहून बघा. नेम बहुतेकदा बरा असतो. पण गोळी सुटली तेव्हा पाय पळत असतात, किंवा गडी कोपऱ्याला चिकटून उभा असतो, किंवा मोकळ्या मैदानात घाबरून आडवा झालेला असतो. म्हणून या लेखात नेमाबद्दल फारसं काही नाही. पाय, कंबर आणि खांदा एवढ्याबद्दलच आहे.

लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहणारे आणि अभ्यासिका बंद झाल्यावर रूमवर फोनवर बीजीएमआय (पबजीची भारतातली फोनवरची आवृत्ती) उघडणारे. दुसरे, फोनवर खेळून झालंय आणि आता कॅफेत पहिल्यांदा कीबोर्डसमोर बसून व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणार आहेत असे. दोघांचे नियम सारखे नाहीत, आणि घोळ बराचसा तिथेच होतो.

पहिली पायरी: आपण कुठल्या घराण्यात खेळतोय ते ओळखा

ढोबळमानानं तीन घराणी धरा.

पहिलं काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंटचं. इथे झोपता येत नाही, वेगळी दौडही नाही. नुसतं पुढचं बटण दाबलं की माणूस पळतो, आणि शिफ्ट दाबलं की वेग वाढण्याऐवजी कमी होतो, माणूस हळू चालतो. इथे पळताना मारलेली गोळी जवळपास वाया जाते.

दुसरं पबजी, बीजीएमआय, आर्मा यांचं. मैदान मोठं, अंतर लांब. उभं, बसलेलं, झोपलेलं अशा तिन्ही स्थिती आहेत, वर डावी-उजवीकडे झुकताही येतं. आर्मा ३ मध्ये तर तिन्ही मूळ स्थितींच्या प्रत्येकी तीन उंच्या आहेत, म्हणजे एकूण नऊ. गुडघाभर भिंतीवरून फक्त डोळे वर काढायचे असतील तर त्यासाठीही वेगळी उंची मिळते. नव्या माणसानं एवढ्या खोलात जायचं कारण नाही, पण हा प्रकार किती टोकाला जाऊ शकतो ते कळावं म्हणून सांगितलं.

तिसरं कॉल ऑफ ड्यूटी आणि एपेक्स लेजेंड्सचं. इथे सगळं वेगावर चालतं: दौड, घसरणं, उडी, पुन्हा दौड. थांबलेला माणूस इथे फार वेळ जगत नाही.

एका घराण्यातली चांगली सवय दुसऱ्यात घात करते. बीजीएमआयवरून आलेला मुलगा व्हॅलोरंटमध्ये शिफ्ट दाबून ‘पळायला’ जातो आणि गोगलगायीसारखा चालत मैदानात शिरतो. हे कॅफेत रोज दिसतं.

दुसरी पायरी: बटणं जागेवर आणा

कॅफेत बसलात तर गेम सुरू होण्याआधी सेटिंग उघडा. आधी खेळून गेलेल्यानं काय बदलून ठेवलंय ते सांगता येत नाही.

काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट या दोन्हींत मूळ मांडणी सारखीच आहे: डब्ल्यू-ए-एस-डीवर हालचाल, शिफ्टवर हळू चालणं, डाव्या कंट्रोलवर बसणं, स्पेसवर उडी. पीसीवरच्या पबजीत शिफ्टवर दौड, कंट्रोलवर हळू चालणं, सीवर बसणं, झेडवर झोपणं, क्यू आणि ईवर डावीकडे-उजवीकडे झुकणं. शिफ्टचा अर्थ दोन घराण्यांत बरोबर उलटा आहे, हे एकदा बोटांना सांगून ठेवा.

बसण्याचं बटण ‘धरून ठेवा’ की ‘एकदा दाबा’ यावरून लोक वाद घालतात. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये धरून ठेवण्याचं ठेवा, असं माझं मत. बोट उचललं की माणूस आपोआप उभा राहतो, आणि घाबरल्यावर बसून राहण्याची सवय लागत नाही. पबजीत एकदा दाबून बसणं बरं, कारण तिथे झाडामागे पाच पाच मिनिटं बसावं लागतं आणि करंगळी दुखते.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फुकट शूटर गेमबद्दल एक सावधगिरी. कंट्रोलवर बसणं ठेवलं आणि बसल्या बसल्या पुढे जायला डब्ल्यू दाबलं, तर अख्खी टॅब बंद होते. तिथे बसण्याचं बटण आधी सीवर न्या.

फोनवर बीजीएमआय खेळणाऱ्यांनी तीन गोष्टी बघायच्या. झुकून गोळी मारण्याची सोय सेटिंगमध्ये वेगळी चालू करावी लागते, ती चालू करा. उडी आणि चढणं यांची बटणं वेगळी करता येतात, ती वेगळी करा, नाहीतर खिडकीजवळ नुसती उडी मारायची असताना माणूस खिडकीवर चढून बसतो आणि समोरच्याला आयता मिळतो. आणि बसण्याचं बटण झोपण्याच्या बटणापासून लांब सरकवा. मूळ मांडणीत ही दोन्ही उजवीकडे खाली शेजारी शेजारी असतात. घाईत बसायला जाऊन आडवे झालेले कितीतरी लोक आपल्या स्क्वॉडमध्ये असतील.

तिसरी पायरी: प्रत्येक स्थिती काय देते आणि काय घेते

उभं राहिलं की वेग मिळतो, नजर लांब जाते, कुठल्याही दिशेला चटकन निघता येतं. बदल्यात डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण शरीर समोरच्याला मिळतं. तरीही नव्या माणसानं बहुतेक वेळ उभंच राहावं. बसणं आणि झोपणं ठरवून करायचं, भीतीपोटी नाही.

बसलं की शरीर आखूड होतं आणि पावलांचा आवाज बंद होतो किंवा खूप कमी होतो. पबजीच्या घराण्यात बंदुकीचा झटकाही कमी बसतो. पण वेग मेलेला असतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये बसून सरकण्याचा वेग पळण्याच्या साधारण एक तृतीयांशच आहे. आणि नव्या लोकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट अशी, की तुम्ही बसता तेव्हा तुमचं डोकं तुमच्या छातीच्या जागी येतं. समोरचा नवशिका असेल तर तो छातीवर मारत असतो. तुम्ही बसून स्वतःहून डोकं त्याच्या गोळीखाली नेऊन ठेवता. समोरचा मुरलेला असेल तर त्याचा नेम डोक्याच्या उंचीवर असतो, आणि मग तुम्ही अचानक बसलात की त्याच्या पहिल्या एकदोन गोळ्या वरून जातात. म्हणजे बसायचं की नाही हे समोर कोण आहे यावर ठरतं. पहिल्या काही आठवड्यांत समोर नवशिकेच असतात, तेव्हा गोळीबार सुरू झाल्या झाल्या खाली बसण्याची खोड लावून घेऊ नका.

एकदा बसून गोळ्यांचा लांबलचक फवारा सुरू केला की मध्येच उठून पळता येत नाही, हेही आहेच. व्हॅलोरंटमध्ये तर हे फार नडतं. गडी बसतो, मॅगझिन रिकामं होईपर्यंत बोट दाबून ठेवतो आणि जागच्या जागी मरतो. दोनतीन गोळ्या मारा, बाजूला सरका, पुन्हा थांबून मारा.

झोपणं हे सगळ्यात मोहाचं आणि सगळ्यात महाग. पबजी-बीजीएमआयमध्ये झटका सर्वांत कमी झोपल्यावरच बसतो. डीपी-२८ सारख्या दोन पायांच्या स्टँडवाल्या बंदुकीचा तर आणखीच कमी होतो. लांबून कुणाला दिसण्याची शक्यताही घटते. पण उठायला वेळ लागतो, बाजूला सरकणं जवळपास नसतंच, आणि रांगत असताना नेम धरता येत नाही, त्यासाठी थांबावं लागतं. ग्रेनेड जवळ पडला तर झोपलेल्या माणसानं पुढच्या मॅचचा विचार करावा.

झोपण्याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज गवताचा. तुम्हाला तुमच्याभोवती दाट गवत दिसतं म्हणून तुम्ही निर्धास्त असता. पण गवत हे खेळाडूच्या जवळच्या भागातच काढलं जातं. दूर टेकडीवर आठ पटीचा स्कोप लावून बसलेल्याच्या पडद्यावर तुमच्याभोवतीचं गवत नसतंच. हिरव्या चादरीवर झोपलेला माणूस त्याला व्यवस्थित दिसतो. फोनवर ग्राफिक्स कमी ठेवलेल्याला तर अजूनच. गवत जवळच्या शत्रूपासून लपवतं, लांबच्यापासून नाही. लांबच्यासाठी उतार शोधा: टेकडीच्या पलीकडच्या बाजूला, कड्याच्या जरा खाली. जमीन सगळ्यांच्या पडद्यावर सारखीच असते.

मग झोपायचं कधी? खेळाचं मैदान आकसत जाऊन उरलेल्या शेवटच्या वर्तुळात, आडोसा म्हणून फक्त जमिनीचा उंचवटा उरला असेल तेव्हा. झाड बारीक असेल आणि शत्रू एकाच दिशेला आहे याची खात्री असेल तेव्हा. आणि धुराच्या ग्रेनेडनं केलेल्या धुरात. एवढंच. खोलीच्या मध्यभागी दाराकडे तोंड करून झोपणाऱ्यांना ‘कॅम्पर’ म्हणून शिव्या पडतात. शिव्यांचं सोडा, पण ती जागा खरोखरच वाईट आहे. एक ग्रेनेड आला की संपलं.

चौथी पायरी: गोळी मारण्याआधी थांबायला शिका

काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट खेळणार असाल तर लेखातला हाच भाग दोनदा वाचा.

या गेममध्ये तुम्ही चालत असाल तर गोळी नेमाच्या मध्यावर जात नाही. तिच्याभोवती एक अदृश्य वर्तुळ असतं, त्यात कुठेही जाते. वेग जितका जास्त तितकं वर्तुळ मोठं. म्हणून क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरची नेमाची खूण, बरोबर डोक्यावर असतानाही गोळी कानाजवळून निघून जाते आणि मुलं ‘गेमच फालतू आहे’ म्हणतात.

वेग बंदुकीवरही ठरतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये चाकू हातात असताना वेग सेकंदाला २५० युनिट असतो, एके-४७ घेतली की २१५, एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल घेतली की २००. व्हॅलोरंटमध्ये चाकूनं सेकंदाला ६.७५ मीटर, रायफलनं ५.४ मीटर. म्हणूनच मुरलेले खेळाडू लांब पल्ला चाकू काढून पळतात आणि धोक्याच्या जागेच्या थोडं अलीकडे बंदूक हातात घेतात. नवे लोक एकतर बंदूक घेऊनच सगळीकडे जातात, किंवा चाकू हातात घेऊन शत्रूसमोर पोचतात.

आता थांबायचं कसं. समजा तुम्ही डी दाबून उजवीकडे पळताय. डी सोडलं की माणूस लगेच थांबत नाही, थोडा घसरत जातो. त्या घसरण्यात मारलेली गोळी वाया जाते. डी सोडताना क्षणभर उलट दिशेचं ए दाबलं की घसरणं कापलं जातं आणि माणूस चटकन थांबतो. त्याच क्षणी गोळी. याला काउंटर-स्ट्रेफ म्हणतात. काउंटर-स्ट्राइकमध्ये याचा फायदा ठळक आहे. व्हॅलोरंटमध्ये नुसतं बटण सोडलं तरी माणूस बऱ्यापैकी पटकन थांबतो, तरी सवय एकच ठेवली तर डोक्याला ताप नाही.

सराव असा करा. रिकाम्या सर्व्हरवर भिंतीसमोर उभे राहा. डी दाबून दोन पावलं, ए टिचकीभर, एक गोळी. मग ए दाबून दोन पावलं, डी टिचकीभर, एक गोळी. भिंतीवरच्या खुणा बघा. गोळी नेमाच्या मध्यावर गेली तर थांबलात, बाजूला गेली तर घाई झाली. लय हळूहळू वाढवा. कंटाळवाणं आहे, तबल्याच्या पहिल्या महिन्याइतकं, पण दुसरा रस्ता नाही.

रस्ता नाही म्हटलं, तरी काहींनी शोधला होता. असे कीबोर्ड निघाले की एक बटण सोडायच्या आधीच दुसरं दाबलं तरी पहिलं आपोआप सुटलं असं धरलं जातं, त्यामुळे हे थांबणं हार्डवेअरच करून देतं. ऑगस्ट २०२४ मध्ये गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर अशी मदत चालणार नाही असं जाहीर केलं, वापरणारा मॅचमधून बाहेर काढला जातो. महागडा कीबोर्ड घेतला असेल तर ती सोय बंद करून बसा.

शिफ्ट दाबून हळू चालत गोळी मारली तर चालतं का? नाही. पळण्यापेक्षा बरं, पण थांबण्याच्या जवळपासही नाही. आणि उडी मारून तर मुळीच नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये एसएसजी ०८ ही स्काउट रायफल उडीच्या अगदी टोकावर अचूक असते, हा एक गमतीचा अपवाद. मुलं दिवसभर तेच करत बसतात, ते सोडा.

बीजीएमआयमध्ये हा नियम जसाच्या तसा नाही. तिथे जवळच्या अंतरावर थांबणं म्हणजे मरण. पाचदहा मीटरवर डावी-उजवीकडे हलत, मध्येच बसत-उठत, स्कोप न लावता मारणं हेच बरोबर. अंतर वाढत गेलं की हालचाल कमी करत जायची आणि शंभर मीटरच्या पुढे आडोशामागे स्थिर होऊन मारायचं. कॉल ऑफ ड्यूटीत वेगळंच: तिथे बाजूला सरकत मारलेली गोळी बऱ्यापैकी जागेवर जाते, पण दौडत असताना गोळीचं बटण दाबलं तर बंदूक वर यायला वेळ लागतो. त्या अर्ध्या क्षणात समोरचा मारून जातो. म्हणून कोपरा यायच्या दोन पावलं आधी दौड सोडायची.

पाचवी पायरी: कोपरा

बहुतेक मरणं कोपऱ्यावर होतात, आणि कोपऱ्याचं गणित बघितलं तर सोपं आहे.

नव्या माणसाला भिंतीला चिकटून उभं राहिलं की सुरक्षित वाटतं. वस्तुस्थिती उलट. तुमचा डोळा शरीराच्या मध्यावर आहे आणि खांदा त्याच्या पुढे वीतभर. कोपऱ्याला चिकटून तुम्ही बाहेर सरकता तेव्हा आधी खांदा बाहेर जातो, मग डोळा. समोरचा कोपऱ्यापासून लांब उभा असेल तर त्याला तुमचा खांदा दिसून चुकलेला असतो, आणि तुम्हाला अजून भिंतच दिसतेय. कोपऱ्यापासून जो जास्त लांब, त्याला समोरचा आधी दिसतो. हा नियम सगळ्या शूटर गेममध्ये लागू पडतो, कारण तो गेमचा नाही, भूमितीचा आहे.

सदाशिव पेठेतल्या बोळातून स्कूटर बाहेर काढताना आपण काय करतो? भिंतीला घासून नाक बाहेर काढत नाही. जमेल तितके पलीकडच्या बाजूला जातो, म्हणजे रस्ता आधीच दिसायला लागतो. कोपरा तसाच घ्यायचा. भिंतीपासून दोनतीन मीटर मागे या आणि कोपरा मध्यबिंदू धरून अर्धवर्तुळात बाजूला सरका. प्रत्येक पावलाला पलीकडची एक पातळ चकती उघडते. नेम आधीपासून त्या चकतीत, डोक्याच्या उंचीवर. एका चकतीत एकच शत्रू असेल. एकदम उडी मारून बाहेर गेलात तर पाच जागा एका वेळी बघाव्या लागतात.

आता डोकावून बघण्याचे प्रकार. याला सगळे ‘पीक’ (इंग्रजी peek) म्हणतात, आपणही म्हणू.

खांदा दाखवून परत येणं: क्षणभर बाहेर, लगेच आत. गोळी मारायची नाही. समोर एडब्ल्यूपीवाला टपलेला असेल तर त्याची एक गोळी वाया घालवायची आणि तो पुढची गोळी भरेपर्यंत बाहेर यायचं. हे लवकर शिका, सोपं आहे.

रुंद पीक: एकदम मोठं पाऊल टाकून बराच बाहेर जाणं आणि थांबून मारणं. समोरच्यानं नेम कोपऱ्याच्या कडेला लावलेला असतो, तुम्ही कडेपासून लांब उगवता आणि त्याला माउस हलवावा लागतो. चौथ्या पायरीतलं थांबणं जमत नसेल तर हे करू नका.

रुंद पीक चालतं यामागे नेटवर्कचाही हात आहे. तुम्ही बाहेर पाऊल टाकलं की तुमच्या पडद्यावर ते लगेच घडतं आणि तुम्हाला समोरचा दिसतो. पण तुम्ही बाहेर आलात ही खबर आधी सर्व्हरला आणि मग समोरच्याच्या मशीनला पोचायची असते. तेवढा क्षण तुम्ही त्याला बघताय आणि तो रिकामा कोपरा बघतोय. बाहेर येणाऱ्याला हा फायदा नेहमीच मिळतो, पिंग (खबर सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) जितका जास्त तितका मोठा. तो कमी करण्यासाठीच व्हॅलोरंटचे सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशेब करतात. पुण्यातून खेळताना सर्व्हर मुंबईचा निवडा. सिंगापूरला लागला असाल तर कोपरा धरून बसणं हे नुकसानीचं काम आहे. आणि पिंग कमी असला तरी एकाच कोनावर दगडासारखं बसू नका. एक गोळी मारली, मिळाला नाही, तर जागा बदला.

झुकणं ही पबजी घराण्याची देणगी. क्यू-ईनं कमरेतून वाकून फक्त डोकं आणि खांदा बाहेर काढता येतो, पाय भिंतीआड. २०१५ मध्ये आलेल्या रेनबो सिक्स सीजमध्येही हे आहे, आणि तिथे झुकल्याशिवाय दरवाजा बघणं म्हणजे नवशिक्याची ओळखच. तो गेम काढणाऱ्या युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यातही आहे, पण सीज मॉन्ट्रियलचा, तेव्हा तक्रार इथे घेऊन जाऊ नये.

पाठीमागून दिसणाऱ्या कॅमेऱ्यात, म्हणजे बीजीएमआयच्या नेहमीच्या टीपीपीत, आणखी दोन गोष्टी. कॅमेरा उजव्या खांद्यावर असतो, त्यामुळे झाडाच्या किंवा भिंतीच्या उजव्या कडेनं बघितलं तर शरीर कमी बाहेर येतं. डाव्या कडेनं बघायचं झालं तर आधी डावीकडे झुका, कॅमेरा त्या खांद्यावर जातो. आणि दुसरं, कॅमेऱ्याला दिसतंय म्हणजे बंदुकीलाही दिसतंय असं नाही. पबजीत गोळी नळीतून निघते. तुम्ही ओट्यामागे बसलाय, कॅमेरा वरून पाहतोय, क्रॉसहेअर शत्रूवर आहे, आणि सगळ्या गोळ्या ओट्यालाच लागतायत. काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंटमध्ये गोळी डोळ्याच्या जागेवरून सुटते, तिथे जे दिसतं ते मारता येतं.

सहावी पायरी: आवाज

पळालात की ऐकू जातं. शिफ्ट दाबून किंवा बसून चाललात तर काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंटमध्ये पावलं ऐकू येत नाहीत. उंचावरून उडी मारून खाली आलात तर आदळण्याचा आवाज होतो, मग आधी कितीही हळू चालला असाल तरी उपयोग नाही. बीजीएमआयमध्ये जवळची पावलं छोट्या नकाशावर खुणेसारखीही दिसतात. रूममध्ये तिघं झोपलेले असताना आवाज बंद करून खेळणाऱ्यांना तेवढाच आधार.

सतत हळू चालू नका, मॅच संपते. शत्रूला तुमची जागा माहीतच असेल, म्हणजे तुम्ही नुकतीच गोळी मारली असेल, तर सरळ पळा.

सातवी पायरी: उघडं मैदान

इथे बीजीएमआयवाल्यांसाठी बोलतोय. एका आडोशातून दुसऱ्या आडोशात जायचंय. आधी कुठे थांबणार ते ठरवा, मगच निघा. बंदूक पाठीवर टाका. मोकळ्या हातानं दौडलं की पबजीत सेकंदाला ६.३ मीटर वेग मिळतो, रायफल हातात असेल तर त्याहून कमी. नजर फिरवायची असेल तर डोळ्याचं बटण वापरा, पीसीवर आल्ट. माणूस सरळ पळत राहतो आणि तुम्ही मागे-बाजूला बघू शकता.

वाटेत गोळी लागली तर झोपू नका. हा मोह सगळ्यांना होतो. गोळी कुठून आली ते माहीत नसताना आडवं होणं म्हणजे शत्रूला स्थिर टार्गेट देणं. जवळचा आडोसा कमी अंतरावर असेल तर पळत राहा, मध्येच थोडी दिशा बदला. लांब असेल तर धूर फेका आणि धुरात बाजूला सरका, जिथे धूर फुटला तिथेच मध्यभागी बसू नका. तिथे सगळे अंदाजानं मारतातच.

पडलेल्या मित्राला उचलायला जाताना आधी धूर, मग उचलणं. तो माइकवर ओरडत असतो, ‘अरे ये ना लवकर’, तेव्हा हे कठीण जातं. तरी आधी धूरच.

आठवी पायरी: उड्या, घसरणं आणि बाकी करामती

पहिल्या महिन्यात यातलं फार थोडं लागतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये उडी मारून हवेतच कंट्रोल दाबलं की पाय पोटाशी घेतले जातात आणि थोड्या उंच खोक्यावर चढता येतं. एवढं एक शिका, नकाशावरच्या बऱ्याच जागा त्याशिवाय मिळतच नाहीत. पबजीत २०१७ च्या डिसेंबरपर्यंत खिडकीतून शिरायलाही अशीच कसरत लागायची. मग चढण्याची सोय आली आणि ती कला बाद झाली.

उड्या मारत वेग वाढवत जाण्याचा प्रकार १९९६ च्या क्वेकपासून चालत आलाय. त्याआधी १९९३ च्या डूममध्ये उडीच नव्हती, बसणंही नव्हतं, पण तिथेही पुढचं आणि बाजूचं बटण एकत्र दाबलं की तिरकं जास्त वेगानं पळता यायचं. म्हणजे पायांच्या करामती शूटर गेमइतक्याच जुन्या आहेत. ऑक्टोबर २०२४ च्या कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स ६ मध्ये तर कुठल्याही दिशेला दौडता, घसरता आणि झेप घेता येते. बघायला भारी वाटतं. पण थांबून सरळ दोन गोळ्या मारता येत नसतील तर घसरत जाऊन काय करणार? घसरणं कोपऱ्यावर वापरा, मोकळ्या रस्त्यावर नको. घसरताना मध्येच दिशा फारशी बदलता येत नाही, हे समोरच्यालाही माहीत असतं.

सराव कसा करायचा

सुरुवात अगदीच कच्ची असेल तर पुण्याच्याच सुपरगेमिंगचा मास्कगन हा फोनवरचा गेम सरावाला धरता येतो. त्यात शत्रू नेमात आला की गोळी आपोआप सुटते, म्हणजे अंगठा मोकळा राहतो आणि सगळं लक्ष पायांवर देता येतं. ‘हे काय गेम खेळणं झालं’ म्हणून नाकं मुरडणारे आहेत. मला तरी पाय सुटे करायला ते सोयीचं वाटतं. याच कंपनीचा इंडस बॅटल रॉयल ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, मोठ्या मैदानाचा सराव करायचा तर तोही आहे.

पुढे मग रोज अर्धा तास बास. पहिली दहा मिनिटं भिंतीसमोर चालणं-थांबणं-गोळी. मग डेथमॅच (मेल्यावर लगेच पुन्हा उतरता येतं असा खेळ), पण त्यात गुणांकडे बघायचं नाही. एका दिवशी ठरवायचं की आज एकदाही बसणार नाही. दुसऱ्या दिवशी, आज प्रत्येक कोपरा लांबून घेणार. एका वेळी एकच गोष्ट. आणि मेल्यावर परत दिसणारं चित्र वगळून पुढे जाऊ नका. शत्रूला तुमचा कुठला भाग आधी दिसला तेवढंच त्यात बघा: खांदा, पाय, की बंदुकीची नळी.

रूममेट खेळत असेल तर याहून चांगला सराव आहे. बीजीएमआयच्या ट्रेनिंग ग्राउंडवर दोघं एकत्र जा. एकानं भिंतीआड उभं राहायचं, दुसऱ्यानं तीस-चाळीस पावलांवर. पहिला हळूहळू बाहेर सरकेल. दुसऱ्यानं तो दिसला त्या क्षणी ‘दिसलास’ म्हणायचं, आणि पहिल्यानं त्याला दुसरा दिसल्यावर. कोण आधी बोलतो ते बघा. मग पहिल्यानं भिंतीपासून तीन पावलं मागे येऊन पुन्हा तेच करायचं, मग बसून, मग उजवीकडे झुकून, मग डावीकडे. नंतर जागा बदला. दोघांचे फोन एकाच वायफायवर असतील तर उत्तम, म्हणजे हरणाऱ्याला पिंगचं नाव सांगता येत नाही.